आतलं मशीन

हवेलाही अपशकुन चिकटतो, हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते शिकवलं चऱ्होलीच्या पलीकडच्या एका गावच्या मानकऱ्यानं. माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच घरचा चहा बशीत ओतून फुर्र फुर्र पीत शिकवलं. सन पन्नासच्या पुढची ती वर्षं, पिंपरीत नुकते कुठे कारखाने येऊ लागले होते. म्हणजे किती काळ लोटला बघा! तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आणि खरं सांगायचं तर त्या आगीतला निम्मा जाळ त्या मानकऱ्यावर नाही, माझ्यावरच आहे. म्हणून तर ती विझत नाही.

आम्ही मूळचे माणदेशातले. पिंपरीच्या कारखान्यात मला खोक्यांवर स्टेन्सिल ठेवून अक्षरं छापायचं काम मिळालं, आणि चिंचवड गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढं ओटा, मागं चूल. घरात माणसं दोनच, मी आणि माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिथून पुढं मला अक्कानंच वाढवलं. तिचं लग्न झालं आणि तीन वर्षांत नवरा तापानं गेला. एकोणीस वर्षांची पोर ती! सासरच्यांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, वर 'पांढऱ्या पायाची' म्हणून माहेरी आणून सोडली. ताप आला नवऱ्याला, आणि पाय पांढरे हिचे. कुठला हा न्याय, मला आजतागायत कळलेलं नाही. नोकरी लागल्याबरोबर मी तिला इकडं घेऊन आलो.

चित्रकलेचा नाद मला लहानपणापासून. एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक पितळेचं पेन दिसलं. वर चिमुकली वाटी, बोटाखाली खटका, मागं नळी जोडायला तोंड. विकणारा म्हणाला, "कानाच्या डॉक्टरचं हत्यार हाय." घेतलं. पुढं एका फोटोवाल्यानं सांगितलं की अरे, हा एअरब्रश! आम्ही ह्यानं फोटो सारखे करतो. वाटीत पातळ रंग घालायचा, मागून हवा द्यायची, खटका दाबला की रंगाची वाफ होऊन कागदावर बसते. ब्रशचा ओरखडा नाही, कड नाही. गालावरची लाली गालातूनच आल्यासारखी दिसते.

आता हवा आणायची कुठून? लष्कराच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे टाकाऊ सामानाच्या विक्रीत, जीपचं एक जुनं चाक मिळालं. ते ओट्यावर आडवं टाकलं, त्याच्या व्हॉल्व्हला रबरी नळी लावली, नळीचं दुसरं टोक पेनाला. चाकात हवा भरायला हातपंप. पण एक माणूस एका वेळी रंगवणार का पंप मारणार? दोन-तीन दिवस माझी तारांबळ बघून अक्कानं पदर खोचला आणि पंप हातात घेतला. "जात्यापरीस हलकं हाय की," म्हणाली, "आन पीठ बी सांडत न्हाई."

महिन्याभरात ती त्या चाकाची जाणकार झाली. टायरवर पंजा ठेवून सांगायची, किती हवा उरली ते. पेनाचा आवाज जरा घोगरा झाला की तिला माझ्याआधी कळायचं. हवा कमी पडली तर रंग वाफेसारखा न येता थुंकल्यासारखा येतो, जास्त झाली तर कापडावर ओघळ. अक्काच्या हातची हवा एकसारखी, पहाटेच्या धुक्यासारखी. पण तिचा एक खोडसाळपणा होता. हवा उतरली हे कळत असूनही ती पंपाला हात लावायची नाही. मी ओरडायचं, "अक्का, हवा!" मग ती म्हणायची, "आली, पेंटरसायेब!" आणि पंप चालू. मी एकदा चिडून विचारलं, "तुला कळतं तर आपणहून का भरत नाहीस?" तर हसून म्हणाली, "दिसभर मला हाक मारनारं हाय कोन दुसरं?"

आधी मी लोकांच्या ट्रंकांवर कमळं काढली, सायकलींच्या मडगार्डवर राजहंस. एका बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर सूर्योदय काढला, तो इतका बेस उतरला की लोक वाजप सोडून ढोलच बघत बसायचे. नोकरी सांभाळून रविवारचा हा जोडधंदा. गल्लीतले टवाळ म्हणायचे, "भाऊ रंगवतोय, बहीण चाक फुगवतेय, ही गाडी सुटणार कधी?" अक्का पंपावरूनच उत्तर द्यायची, "तुमी धक्का मारा, सुटंल!" नवरा गेल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती.

अशात तो मानकरी आला. आमच्या माणदेशात बैलांचा सण म्हणजे आषाढातला बेंदूर. इकडं चाकण-चऱ्होलीकडं भादव्यात पोळा. पोळ्याला गावची सगळी बैलं सजवून मिरवतात, आणि वेशीतून सगळ्यांत आधी जातो तो मानाचा बैल. तो मान ह्या पाटलाच्या घराण्याचा. त्यानं ढोलावरचा सूर्योदय पाहिला होता. म्हणाला, "पेंटर, आमच्या बैलाच्या झुलीवर वाघ काढायचा. असा, की पंचक्रोशीनं नाव काढलं पायजे."

मी हरखलोच. पैशाचा लोभ नव्हता हो, तो असता तर बरं झालं असतं, लोभाला निदान एक हिशेब असतो. मला नाव पाहिजे होतं. मडगार्डवरचा राजहंस कोण बघतो? मानाच्या बैलाची झूल सगळा गाव बघणार. अक्कालाही गंमत वाटली. "बैलाच्या पाठीवर वाघ बसवतोयस," म्हणाली, "बैलाला इचारलंस का?"

पुढच्या रविवारी पाटील बैल घेऊनच आले, झुलीचं माप घ्यायला आणि वाघ पाठीवर कुठं बसेल ते बघायला. काय जनावर होतं! पांढरंशुभ्र, उंच वशिंडाचं, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं. दारात उभं राहिलं आणि गल्ली भरून गेली. मी दोरी घेऊन माप घेतोय, तेवढ्यात अक्का आतून आली. हातात पाण्याचा तांब्या, भाकरीचा चतकोर, वर गुळाचा खडा. आणि देवापुढची हळदकुंकवाची कोयरी.

ती शेतकऱ्याची लेक. दारात बैल आला की पायावर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, तोंडात घास द्यायचा, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. ती विचार करून आली नव्हती. तिनं खुरांवर पाणी घातलं, हळद लावली, कुंकवाचं बोट बैलाच्या कपाळावर टेकवलं. बैलानं तिच्या हातातला गूळ चाटला आणि ती त्याच्याशी काहीतरी पुटपुटली. पुरती हरवून गेली होती ती.

पाटलांनी मला विचारलं, "ह्या कोन?"

"माझी थोरली बहीण."

त्यांनी तिच्या उघड्या कपाळाकडं पाहिलं. "मालक?"

"वारले. झाली बरीच वर्षं."

पाटील ओट्यावरून उठले, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक तांब्यातल्या उरल्या पाण्यात बुडवलं, आणि बैलाच्या कपाळावरचं कुंकू पुसून काढलं. घासून घासून पुसलं. बैल मान हलवत होता, त्याला काय कळतंय! अक्का तिथंच उभी होती, कोयरी हातात. मग ती भानावर आली आणि आत निघून गेली. एकाच बाईच्या डोळ्यांदेखत दोनदा कुंकू पुसलं गेलं, आणि दुसऱ्या वेळी तिचा भाऊ, तिनं भरवून वाढवलेला, दोन हातांवर माप घेत उभा होता.

मी काय केलं असेल? उपरणं हिसकावलं? "चालते व्हा" म्हटलं? डोंबल! मी हात जोडले. "चुकलं पाटील, तिच्या लक्षात आलं नाही, गावाकडची सवय," असं मी बोललो. ह्याच तोंडानं बोललो. तिच्या वतीनं माफी मागायचा अधिकार मला कुणी दिला होता, आणि माफी कसली? जनावराला घास घातल्याची?

पाटील पुन्हा ओट्यावर बसले, चहा प्याले, आणि शांतपणे म्हणाले, "पेंटर, मानाचं काम हाय. सनाचा बैल. त्यांचा हात कशाला लागाया नगं. आन हे चाक बी त्या भरत्यात, असं आयकलं. ते बी नगं."

"अहो पाटील, ती फक्त हवा आहे!"

"हवा जाली तरी त्यांच्याच हातची न्हवं का?"

हसावं की रडावं! रंग माझा, कापड पाटलाचं, पेन कुठल्या मुलखातलं कुणास ठाऊक, चाक लष्कराचं, ज्या लष्करानं माणसं मारली असतील त्याचं. ते सगळं पवित्र. आणि ह्या सगळ्यांतून जी हवा जाणार, जी ह्या पाटलाच्या नाकातोंडातूनही जात होती, ती तेवढी अशुभ. त्या दिवशी हे सगळं माझ्या मनात आलं होतं, बरं का. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. मनात आलं, आणि मी मूग गिळून म्हणालो, "बरं. दुसरा माणूस बघतो."

अक्काला मी पाटलांचं म्हणणं सांगितलं. ती चुलीत फुंकर घालत होती. म्हणाली, "तू काढ की. तुझं चित्र हाय." एवढंच.

कारखान्यातल्या एका कोकणी सोबत्याला मी गळ घातली. दंडानं दणकट गडी. पण तो पंप असा मारायचा की जणू विहिरीचं पाणी उपसतोय. पहिल्या रविवारी नळी सटकून वाघाच्या मानेवर काळा थपका बसला. तो झाकायला मी तिथं झाडाची फांदी काढली. दुसऱ्या रविवारी हवा इतकी कमी पडली की वाघाला देवी आल्यासारखे ठिपके उठले. "तुझ्या चाकाक कळना नाय, माका कळना नाय," असं म्हणून त्यानं हात जोडले. अक्का आत भाजी चिरत होती. तिला प्रत्येक चूक बाहेर बघितल्याशिवाय कळत होती, कारण मध्येच तिची विळी थांबायची.

पोळा जवळ आला आणि मला एक युक्ती सुचली. माझी अक्कल बघा! मी जीपचं चाक ओट्यावरून उचललं आणि आत चुलीपाशी नेऊन ठेवलं. बाजारातून लांब नळी आणली, ती भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर काढली. म्हणजे अक्का आत बसून हवा भरणार, मी बाहेर रंगवणार, आणि जगाला काही दिसणार नाही. सापही मेला आणि काठीही वाचली, अशा थाटात मी तिला ते समजावून सांगितलं. "फक्त मी हाक मारणार नाही हं अक्का. तुझं तूच आवाजावरून ओळख."

तिनं झरोक्याकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं. मग म्हणाली, "आनी कुनी इचारलं तर?"

"कोण विचारतंय!"

तिनं पदर खोचला आणि बसली पंपावर. आणि काय सांगू, त्या आठवड्यात संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर मी जे काम केलं, तसं आयुष्यात पुन्हा झालं नाही. वाघाच्या अंगावरचा केस न् केस उठला. पोटाचा पांढरा रंग धुरासारखा पिवळ्यात मिसळला. थपक्यावरची फांदी, ठिपक्यांवरचं गवत, सगळं मुद्दाम काढल्यासारखं दिसायला लागलं. आतून एकसारखा फुस फुस आवाज यायचा. हाक नाही, उत्तर नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. रंगात डोकं बुडालं की माणूस मोठा हलकट होतो.

राहिला वाघाचा डोळा. पाटलांनी निरोप धाडला होता की मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, तसा वाघाचा डोळा आमच्यासमोर उघडायचा. पोळ्याच्या दोन दिवस आधी ते आले, ओट्यावर मांडी घालून बसले. झूल इकडून बघितली, तिकडून बघितली. मग म्हणाले, "पेंटर, जिंकलंस." मला आकाश ठेंगणं झालं.

मी डोळ्याचा पिवळा धरला. बारीक, गोल, आतून बाहेर. आतून आवाज येत होता, फुस, फुस. पाटलांनी कान टवकारले.

"आत काय चाललंय?"

आणि मी, एका क्षणाचाही विचार न करता, म्हणालो, "मशीन आहे. हवेचं मशीन बसवलंय आत."

"ब्येस केलंस!" पाटील खूश झाले. "बाईमानसापरीस मशीन बरं. त्याला ना नवरा, ना कपाळ."

आणि मी हसलो. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, तसा हसलो. झरोका माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.

आतला आवाज थांबला.

पेनातला रंग आधी जाड झाला, मग थुंकल्यासारखा, मग नुसता सुस्कारा. डोळ्याचा पिवळा रंग भरून झाला होता. आतली बाहुली आणि तिच्यातला तो पांढरा ठिपका, ज्यानं जनावर जिवंत होतं, तो राहिला होता. मी खटका दाबून बघितला. काही नाही. पाटील माझ्याकडं बघतायत. मी झरोक्याकडं बघतोय.

एक हाक. "अक्का, हवा!" सबंध वर्षभर दर रविवारी मारलेली हाक. ती मारली असती तर पाटील उठले असते, झूल टाकून गेले असते, कदाचित गावभर बोभाटा झाला असता. झाला असता तर झाला असता! काय बिघडणार होतं माझं? नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हतं. हाक घशापर्यंत आली होती. ती मी गिळली.

"मशीनचं काय असतं पाटील," मी म्हणालो, "मध्येच बिघडतं." आणि साधा ब्रश घेऊन हातानं बाहुली काढली, वर पांढरा ठिपका टेकवला. बटबटीत झाला डोळा. कवडी चिकटवल्यासारखा. मला तो मेलेला दिसत होता. पण पाटील म्हणाले, "काय नजर हाय वाघाची!" आणि झूल घडी घालून घेऊन गेले. ज्याला विधवेचा वारासुद्धा ओळखता येतो म्हणे, त्याला मेलेला डोळा ओळखता येईना!

आत गेलो तर अक्का भाकरी थापत होती. पंप कोपऱ्यात उभा. मी हात धुतले आणि पानावर बसलो. पाटलांनी जाता जाता गल्लीत सांगितलं असावं, कारण कोकणी सोबती दुसऱ्या दिवशी विचारत होता, मशीन कितीला पडलं.

पोळ्याला मी त्या गावी गेलो. मानाचा बैल वेशीतून गेला, हलगी वाजत होती, लोक वाघाकडं बोट दाखवत होते. देवळापुढं मला फेटा बांधला, हातात नारळ दिला. पाटील गावाला सांगत होते की ह्या पेंटरनं घरात हवेचं मशीन बसवलंय. बाया कौतुकानं बघत होत्या. बैल माझ्यासमोर येऊन थांबला. त्याच्या कपाळाला कुंकवाचा मळवट भरला होता. तो माझा हात हुंगत होता, गूळ शोधत असावा. माझ्या हातात गूळ नव्हता.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं माझ्या फेट्याकडं पाहिलं, नारळ घेतला आणि त्याच्या शेंड्या उपटायला लागली. मला राहवेना. चोर तो चोर, वर शिरजोर, तशा आवाजात मी म्हणालो, "नेमकं डोळ्याच्या वेळीच कशी गं हवा थांबली, अक्का? चाक फुटलं होतं का पंप बिघडला होता?"

ती शेंड्या उपटत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता.

"काय बी बिघडलं न्हवतं," ती म्हणाली. "तू हाक मारशील म्हनून थांबले व्हते."